माहेरचं नाव: एलिझाबेथ टिलीच्या शोधाच्या नोंदी

११ जून २०२४

सहा महिन्यांसाठी पुण्याहून लेकीकडे ऱ्होड आयलंडला आले आहे. जावई इथलाच. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या विहीणबाईंच्या घरी जिन्यालगत एक वंशावळ चौकटीत लावलेली आहे. त्यांच्या आजीने शाईने लिहिलेली. सगळ्यात वर 'जॉन हाउलँड आणि एलिझाबेथ कार्व्हर, मेफ्लॉवर, १६२०' (इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या माणसांना अमेरिकेत आणणारं जहाज), आणि तिथून उतरत उतरत विहीणबाईंच्या आईपर्यंत. नात दहा वर्षांची आहे. तिने विचारलं, "आजी, हे खरं आहे का?" विहीणबाईंनी एक्याऐंशी वर्षांत ती चौकट हजारदा पाहिली आहे, पण तिच्यामागचा कागद एकही पाहिलेला नाही.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या कामात मी तीन वर्षं होते. सुनांच्या रकान्याशी आलं की हात थांबायचा. लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं, माहेरचं आडनाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. किती तरी जणींपुढे 'माहेर माहीत नाही' असं छापावं लागलं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून काही जणी सापडल्या, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. ते मला अजून लागून राहिलं आहे. म्हणून इथे चौकटीतल्या पहिल्या बाईपासूनच नीट काम करायचं ठरवलं.

नातीपासून वर मोजलं तर चौदा पिढ्या, म्हणजे तेरा दुवे. प्रत्येक दुव्याला निदान एक कागद हवा. कागद मिळाला की नाव शाईत, तोवर पेन्सिलीत. हयात माणसांची आणि अलीकडच्या पिढ्यांची नावं या नोंदींत देणार नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

१४ जून

काम खालून वर करायचं हे माहीत असूनही उत्सुकतेपोटी वरून सुरुवात केली, आणि पहिलंच नाव चुकीचं निघालं. एलिझाबेथ कार्व्हर नावाची मुलगी मेफ्लॉवरवर नव्हतीच.

आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने १६५१ च्या सुमारास जहाजावरच्या माणसांची यादी आठवून लिहिली, घराघराने, आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं तेही. त्यात वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याच्या घरात जॉन हाउलँड नोकर म्हणून येतो. मुलगी येते ती दुसऱ्याच कुटुंबात: जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ. पुढे ब्रॅडफर्ड स्वच्छ सांगतो की टिली नवराबायको किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या मुलीने जॉन हाउलँडशी लग्न केलं.

मग चौकटीत कार्व्हर कुठून आलं? ब्रॅडफर्डचं हस्तलिखित अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसं झालं होतं. ते १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथालयात सापडलं, १८५६ मध्ये छापलं गेलं आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आलं. यादी हाताशी नव्हती त्या काळात हाउलँडच्या वंशजांमध्ये एक समजूत रुजली, की नोकराने मालकाची, म्हणजे गव्हर्नर कार्व्हरची मुलगी केली. प्लिमथच्या बरिअल हिलवर वंशजांनी बसवलेल्या दगडावरही तेच कोरलं गेलं होतं. आज तिथे असलेल्या दगडावर जॉन टिलीची मुलगी असं आहे. विहीणबाईंच्या आजीने मात्र घरात चालत आलेलंच उतरवून घेतलं.

विहीणबाईंना हे सांगताना मला अवघड गेलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे या बाईचे आईवडील आम्ही इतकी वर्षं पुसूनच टाकले होते."

२० ते २८ जून

चौदाव्या पिढीपासून नवव्यापर्यंत. जन्म, लग्न, मृत्यू यांचे दाखले. सोपं काम, पण पैसे इथेच जातात. सहा दाखल्यांचे १२६ डॉलर झाले, त्यातले २१ फुकट: दहाव्या पिढीतल्या गृहस्थाच्या नावाचाच चुलतभाऊ त्याच गावात होता आणि मी वडिलांचं नाव न तपासता अर्ज केला. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभराची नोंदणी १८४१ पासून आहे, ऱ्होड आयलंडमध्ये १८५३ पासून. त्याच्या पुढचं बरंचसं घरी बसून संगणकावर दिसतं. आधी ते पाहा, मगच दाखल्याला पैसे भरा.

९ जुलै

पूर्ण दिवस वाया. एलिझाबेथचं मृत्युपत्र ब्रिस्टल काउंटीत सादर झालं, एवढं वाचून लेकीला रजा घ्यायला लावली आणि ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावी जाऊन बसले. तिथे ते नाही. १६८७ मध्ये ब्रिस्टल हे मॅसॅच्युसेट्सच्या त्या काउंटीचं मुख्य ठिकाण होतं. १७४७ मध्ये सीमा बदलली, ब्रिस्टल गाव ऱ्होड आयलंडला गेलं, काउंटीचं नाव मात्र पलीकडेच राहिलं आणि कारभार टाँटनला गेला. आपल्याकडे जिल्हा फुटला की जुनी दप्तरं कुठल्या तहसिलीत गेली ते आधी विचारतो, तेच इथे करायला हवं होतं. पेट्रोल आणि जेवण ४० डॉलर, लेकीची एक रजा.

१२ जुलै

मृत्युपत्राची मायक्रोफिल्मवरची प्रत मिळाली. पहिल्या खंडाची अगदी सुरुवातीची पानं. तारीख १७ डिसेंबर १६८६. एलिझाबेथ हाउलँड, स्वान्सीची राहणारी, वय ७९, स्मरण चांगलं शाबूत, असं सुरुवातीलाच आहे. हे '७९' मी मोठ्या अक्षरात वहीत लिहून ठेवलं. याचा पुढे उपयोग होणार आहे.

विधवा होऊन चौदा वर्षं झालेली, लेक लिडिया ब्राउनकडे राहणारी बाई काय काय वाटते ते वाचताना मी पडद्यापुढून उठलेच नाही. लिडियाला सगळ्यात चांगली पिसांची गादी, लोड, दोन उशा, तीन ब्लँकेटं, छोटं कपाट, दोन पितळी पातेल्यांपैकी लहान पातेलं, लहान बायबल आणि सगळ्यात तलम चादरी. थोरल्या जॉनला पाच पौंड आणि टिंडेलच्या लेखनाचं पुस्तक. जेबेझला त्याच्याकडेच असलेली गादी. नात डिझायर कुशमन हिला चार मेंढ्या. आमच्या आजीने कुठली गोधडी कुणाला ते सांगून ठेवलं होतं, त्याची आठवण झाली.

तीन शब्दांवर अडले. 'पिलोबिअर' म्हणजे पिण्याचं काही असेल असं धरून पहिल्या टिपणात चुकीचं लिहिलं. ते उशीचे अभ्रे. 'स्टिलिअर्ड' म्हणजे दांडीवर वजन सरकवत तोलायचा लोखंडी काटा, तो जोसेफला. आणि 'रग' जमिनीवर पसरायचा नव्हे. तेव्हा तो अंगावर घ्यायचा जाड लोकरी कपडा असे, आपल्या घोंगडीसारखा. लिडियाला मिळालेला हिरव्या रंगाचा होता. आजचा अर्थ जुन्या शब्दाला लावू नका. माझी दोन पानं पुन्हा लिहावी लागली.

पण पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. आमची शाखा होप या मुलीची. मृत्युपत्रात होपचं नावच नाही.

२३ जुलै

होपसाठी अकरा दिवस गेले. शाखाच चुकीची की काय, अशी धास्ती होती. उत्तर अखेर नवऱ्याच्या कागदात निघालं. जॉन हाउलँडने २९ मे १६७२ ला केलेल्या मृत्युपत्रात 'माझी मुलगी होप चिपमन' हिला वीस शिलिंग आहेत. थोरल्या डिझायर गोरमलाही तेवढेच. आणि होप आईच्या मृत्युपत्रात नाही, कारण ती आईच्या आधी गेली. केप कॉडवर बार्न्स्टेबलच्या लोथ्रॉप हिल दफनभूमीत तिचा दगड आहे. एल्डर जॉन चिपमनची पत्नी, वय ५४, ८ जानेवारी १६८३. डिझायरही १६८३ मध्येच गेली. एलिझाबेथने दोन मोठ्या लेकी एकाच वर्षाच्या आतबाहेर गमावल्या आणि त्यानंतर ती गादी-चादरींची वाटणी केली. एखादं नाव एका कागदात नसलं तर ते माणूस नव्हतंच, असं म्हणू नये. दुसरा कागद काढावा.

दोन नवे कागद, एलिझाबेथ ते होप हा पहिला दुवा शाईत. एलिझाबेथ आणि जॉन हाउलँड यांचं लग्न ब्रॅडफर्डमुळे आधीच नक्की होतं, तरी त्यालाही आता मृत्युपत्राचा टेकू मिळाला.

३० जुलै

तक्ता भरताना घोटाळा दिसला. जॉनचं मृत्युपत्र २९ मे १६७२ चं आणि प्लिमथच्या नोंदीत मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२. मेलेल्या माणसाने तीन महिन्यांनी मृत्युपत्र केलं? मी दोन जॉन हाउलँड असावेत असं समजून चार दिवस धाकट्या जॉनचे कागद चाळले. व्यर्थ.

कारण पंचांगात होतं. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे फेब्रुवारी १६७२ हा मे १६७२ च्या नंतर येतो, आपला फाल्गुन चैत्राच्या नंतर त्याच शकात येतो तसा. हे एकदा पाडवा डोळ्यांपुढे आणून पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. आजच्या हिशेबाने जॉन १६७३ मध्ये गेला आणि होपचा मृत्यू जानेवारी १६८४ चा. आता जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतच्या सगळ्या तारखा दोन वर्षांत लिहिते: १६७२/३, १६८३/४. तक्त्यातल्या नऊ तारखा दुरुस्त केल्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१३ ऑगस्ट

डीएनए चाचणीवर ९९ डॉलर घालवले. विहीणबाईंची लाळ पाठवली, आईकडून लेकीकडे जाणाऱ्या वंशाची चाचणी. माझ्या मनात होतं की एलिझाबेथचं माहेर रक्तातच सापडेल. हा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे जातो फक्त लेकींमधून. आमची साखळी एलिझाबेथ, होप आणि मग होपचा मुलगा सॅम्युअल चिपमन अशी आहे. तिसऱ्याच पिढीत पुरुष आला, तिथे तो धागा तुटला. अहवालात आलेला वंश विहीणबाईंच्या आईच्या आईच्या आईचा, या शोधाशी त्याचा संबंध नाही. नातीची चाचणी केली असती तर माझाच वंश निघाला असता. चाचणीआधी साखळीतल्या बायका आणि पुरुष बोटांवर मोजा.

तिसऱ्या ते पाचव्या पिढीसाठी काही करावं लागलं नाही. मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्यांचे चंदेरी बांधणीचे खंड काढले आहेत, हाउलँडचे अनेक भाग आहेत. सार्वजनिक ग्रंथालयात बसून फुकटात काम झालं. त्यांनी प्रत्येक वाक्याला आधार दिलेला आहे. एक दुपार.

१० सप्टेंबर

टिलींचं मूळ गाव. इंग्लंडच्या बेडफर्डशरमधलं हेन्लो. १९७६ मध्ये रॉबर्ट ली वॉर्ड या संशोधकाने तिथल्या चर्चची नोंदवही मेफ्लॉवरवरच्या सात जणांशी जुळवून दाखवली. मला मूळ नोंदी डोळ्यांनी पाहायच्या होत्या. बेडफर्डच्या अभिलेखागारात जाऊन फोटो काढून देणाऱ्या एका माणसाला ४५ पौंड दिले. फोटो यायला तीन आठवडे लागले.

अक्षर लागेना. ते तेव्हाच्या कारकुनी वळणाचं. त्यातला 'सी' आजच्या 'आर'सारखा, 'ई' उलटा पडलेला, 'एच'चा पाय ओळीखाली लोंबणारा, मोठा 'टी' तर 'सी'च वाटतो. मी पहिले दोन दिवस टिली शोधत होते आणि तो 'सिली' म्हणून डोळ्यांपुढून जात होता. मग मोडी शिकताना जे केलं तेच केलं: ज्या ओळी नक्की कळतात त्यांतून अक्षरं कापून काढली आणि एका कागदावर बाराखडी मांडली. नात शेजारी बसून अक्षरं जुळवत होती. ३० ऑगस्ट १६०७ ची ओळ तिलाच पहिल्यांदा लागली. एलिझाबेथ, जॉन टिलीची मुलगी, बाप्तिस्मा. ती "सापडली!" म्हणून ओरडली तशी लेक खालून धावत आली.

डिसेंबर १६८६ मध्ये वय ७९. ऑगस्ट १६०७ मध्ये बाप्तिस्मा. बरोबर बसतं. जहाज निघालं तेव्हा ती नुकती तेरा वर्षांची झाली होती, नातीपेक्षा तीन वर्षांनी मोठी.

निव्वळ नाव आणि वय जुळलं म्हणून मात्र मी शाई वापरली नसती. खरा पुरावा सोबतच्या माणसांचा आहे. ब्रॅडफर्ड लिहितो की एडवर्ड टिली आणि त्याची बायको ॲन यांच्याबरोबर त्यांची दोन 'कझिन' मुलं होती, हेन्री सॅम्सन आणि ह्युमिलिटी कूपर. हेन्लोला एडवर्ड हा जॉनचा धाकटा भाऊ, त्याची बायको ॲग्नेस कूपर (तेव्हा ॲन आणि ॲग्नेस एकच नाव धरत), हेन्री हा तिच्या बहिणीचा मुलगा आणि ह्युमिलिटी भावाची मुलगी. म्हणजे भाचा आणि भाची. ब्रॅडफर्डच्या भाषेत त्या एका शब्दात सगळं कोंबलेलं, आपल्याकडे नातं सांगतानाच उलगडलं असतं. एवढी चार घरं दुसऱ्या कुठल्या गावात एकत्र मिळणार नाहीत.

१७ सप्टेंबर

एलिझाबेथची आई. ब्रॅडफर्ड तिला 'त्याची बायको' एवढंच म्हणतो. हेन्लोच्या वहीत २० सप्टेंबर १५९६ ला जॉन टिलीचं लग्न जोन रॉजर्सशी. मी वहीत 'माहेर: रॉजर्स' लिहिलं आणि रॉजर्स कुटुंबाच्या मागे लागले. पाच दिवस.

ती रॉजर्सांची लेक नव्हे, सून होती. १८ जून १५९३ ला जोन हर्स्टचं लग्न थॉमस रॉजर्सशी झालं (मेफ्लॉवरवरचा थॉमस रॉजर्स वेगळा), तो लवकर गेला आणि ती विधवा म्हणून पुन्हा वेदीपुढे उभी राहिली. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा १३ मार्च १५६७/८, विल्यम हर्स्टची मुलगी. दुसऱ्या लग्नाच्या नोंदीत बाईचं जे आडनाव असतं ते माहेरचं असेलच असं नाही. हे मी भिंतीवर चिकटवून ठेवलं आहे.

जोन १६२० मध्ये बावन्न वर्षांची होती. त्या वयात नवरा आणि धाकटी लेक यांच्यासह जहाजावर चढली आणि पहिल्याच हिवाळ्यात गेली. एडवर्ड आणि ॲग्नेसही गेले. जवळपास निम्मे प्रवासी त्या हिवाळ्यात वारले. एलिझाबेथला त्या किनाऱ्यावर सख्खं असं कुणी उरलं नाही.

१५ ऑक्टोबर

सहावी ते आठवी पिढी. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, पाच आठवडे. १७९० ते १८४० च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकी सगळे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. आमच्या सातव्या पिढीतली बाई १८२० च्या पानावर म्हणजे एका रकान्यातला '१'. घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५० पासून येतं.

सहावी पिढी सुटली ती पेन्शनच्या फायलीमुळे. तो माणूस स्वातंत्र्ययुद्धात शिपाई होता. १८३८ च्या कायद्याने, १७९४ च्या आधी लग्न झालेल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागली, पण लग्न सिद्ध करावं लागे. लग्नाचा दाखला नसला की बायका घरच्या बायबलमधलं नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडत. आमच्या म्हातारीनेही तेच केलं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या त्या पानाचं चित्र संगणकावर पाहिलं. फाटलेली डावी कड, दोन वेगळ्या शाया, आणि सात मुलांच्या जन्मतारखा. त्यात सातवी पिढी तिच्या पहिल्या नावासह आहे. घरातलं पवित्र पुस्तक फाडायला तिच्या जिवावर आलं असेल. त्या पानामुळेच तिची लेक आज सापडली.

सातवी ते आठवी हा दुवा मात्र लटका आहे. आठव्या पिढीतल्या गृहस्थाच्या मृत्यूच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव भलतंच दिलं आहे. माहिती देणारा त्याचा मुलगा. मला वाटतं जोनचंच पुन्हा झालं आहे: ती विधवा होऊन दुसऱ्यांदा लग्न झालेली असावी आणि नातवाने पहिल्या नवऱ्याचं आडनाव माहेर म्हणून सांगितलं. वाटणं हा पुरावा नाही. तिच्या पहिल्या लग्नाची नोंद पाहिजे. चार गावांची पुस्तकं पाहून झाली.

१९ नोव्हेंबर

विहीणबाई, लेक आणि नात यांच्याबरोबर लिटल नेक दफनभूमीत गेलो. एलिझाबेथ डिसेंबर १६८७ मध्ये स्वान्सीत गेली. तिला पुरलं ती जागा आता ऱ्होड आयलंडच्या ईस्ट प्रॉव्हिडन्समध्ये येते, लेकीच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. म्हणजे जून महिन्यापासून मी तिच्या जवळच राहत होते. तिच्या नावाचा दगड वंशजांनी नंतर बसवलेला आहे. पाणी दिसतं, वारा फार. ही पोकानोकेट या इथल्या मूळ रहिवाशांची भूमी. जून १६७५ मध्ये त्यांचं आणि वसाहतवाल्यांचं युद्ध पेटलं ते स्वान्सीतूनच, हे नातीला तिथेच उभं राहून सांगितलं. ही बाई इथे आली म्हणून कुणाचं काय गेलं, तेही तिच्या वहीत असायला हवं.

संध्याकाळी चौकट उतरवली. आजीबाईंच्या शाईला हात लावला नाही, तो कागद तसाच मागे ठेवला आणि पुढे नवा कागद घातला. विहीणबाईंनी स्वतः लिहिलं: एलिझाबेथ टिली, आणि तिच्यावर जोन हर्स्ट. मग प्रत्येक पिढीतल्या सुनेपुढे कंसात माहेर. तेरापैकी बारा दुवे शाईत आहेत. माझ्या लेकीच्या नावापुढे काय लिहायचं ते विचारलं, मी आमचं आडनाव एकेक अक्षर सांगितलं.

एकूण खर्च सुमारे ४६० डॉलर, त्यातले १६० चुकांचे. वेळ पाच महिने.

मी ५ डिसेंबरला परत निघते. पाचव्या गावाच्या चर्चच्या लग्नांच्या वहीसाठी अर्ज टाकला आहे, उत्तर लेकीच्या पत्त्यावर येईल. तोवर सातव्या आणि आठव्या पिढीमधली रेघ पेन्सिलीत आहे.